डॉक्टरला संशोधक करायचं तर एमडीचा थिसिस सोडा

एमडी किंवा एमएस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला थिसिस लिहावा लागतो. भूलतज्ज्ञ व्हायचं असो, त्वचारोगतज्ज्ञ व्हायचं असो की हाडांचा सर्जन, त्यातून सुटका नाही. नियमांत या थिसिसचा हेतू नीट सांगितलेला आहे: विद्यार्थ्याला संशोधनाचा प्रश्न मांडता यावा, त्यावर आधी काय लिहिलं गेलंय ते शोधता यावं, अभ्यासाची आखणी करता यावी, माहिती गोळा करून तिचा अर्थ लावता यावा. या हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, विभागात संख्याशास्त्र शिकवते, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीवर बसते आणि दरवर्षी थिसिसचे गठ्ठे वाचते. त्यातून माझं मत पक्कं झालंय की या वाटेने तो हेतू साधत नाही. उलट ज्या थोड्या डॉक्टरांना मनापासून संशोधन करायचं असतं त्यांचीही अडचण होते, कारण थिसिस झाला म्हणजे संशोधनाचं शिक्षण झालं असं सगळेच धरून चालतात. म्हणून माझं म्हणणं असं, की एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्यावरची थिसिसची सक्ती काढावी, आणि डॉक्टरांसाठी संशोधनाची वेगळी, पूर्णवेळ, पगारी पदवी सुरू करावी. ती मोजक्यांनीच घ्यावी, पण घेतील त्यांनी पुरती घ्यावी.

एमडी तीन वर्षांची. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या जिवावर वॉर्ड चालतो. रक्त काढणं, सलाइन लावणं, राऊंडच्या आधी केसपेपर तयार ठेवणं, रात्रीची इमर्जन्सी, सकाळी पुन्हा ओपीडी. याच धबडग्यात, प्रवेशानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, त्याला सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, द्यायचा असतो. ज्या विषयाशी अजून धड ओळखही झालेली नाही, त्यातला न सुटलेला प्रश्न त्याने शोधून काढावा अशी अपेक्षा. मग गाइड विषय देतात, नाहीतर ग्रंथालयातले जुने थिसिस चाळून रोग किंवा औषध तेवढं बदललं जातं. भूलशास्त्रात एक विषय वर्षानुवर्षं चालत आलाय: पाठीतून द्यायच्या भुलेत बुपिव्हॅकेन या भुलेच्या औषधाबरोबर डेक्समेडेटोमिडीन हे जोडीचं औषध दिलं तर परिणाम किती वेळ टिकतो. कधी त्याऐवजी क्लोनिडीन, कधी फेंटॅनिल. तीस रुग्ण या गटात, तीस त्या गटात. जगभरात हा प्रश्न इतक्या वेळा तपासून झालाय की आणखी साठ रुग्णांनी त्यात तसूभरही भर पडत नाही. तरी तो पुन्हा घेतला जातो, कारण तो रोजच्या ऑपरेशनच्या यादीतून, वेगळा पैसा न लागता, वेळेत पुरा होतो. यात मला त्या मुलांचा दोष दिसत नाही. त्यांना दिलेल्या वेळात आणि साधनांत एवढंच होऊ शकतं.

थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करायचा, त्यामुळे त्याच्या आधीच्या आठवड्यांत आमच्या विभागाबाहेर रांग लागते. हातात पेन ड्राइव्ह, त्यात मास्टर चार्ट. ‘मॅडम, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या.’ पी व्हॅल्यू म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना हे जोखायचा आकडा. मास्टर चार्ट म्हणजे एक्सेलमधला तक्ता. एका ओळीत एक रुग्ण. वय, लिंग, हिमोग्लोबिन, पहिल्या दिवसाच्या तपासण्या, तीन महिन्यांनंतरच्या तपासण्या. सवयीच्या डोळ्याला तो तक्ता बरंच काही सांगतो. तीन महिन्यांनी फेरतपासणीला बोलावलेले शंभरच्या शंभर रुग्ण हजर झालेले दिसतात, आणि त्यातले कितीतरी मेळघाटातले, वाशीमकडच्या खेड्यांतले. एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब करणारा माणूस बरं वाटू लागल्यावर शंभर किलोमीटरवरून फेरतपासणीला येत नाही, हे ओपीडीत बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. एकही रुग्ण न गळालेला तक्ता पाहिला की रकाने कुठे भरले गेले हे मला विचारावं लागत नाही. संमतीपत्रं मागवून पाहिली तर वर्षभरात वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या म्हणवणाऱ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच दमात उरकलेल्या. प्रामाणिक मुलंही असतात, आणि सगळ्यांत जास्त ओढाताण त्यांचीच होते. गळालेले रुग्ण गळाले म्हणून लिहिले की ठरलेला आकडा भरत नाही, आणि परीक्षा तोंडावर आलेली असते. पैसे घेऊन थिसिस लिहून देणाऱ्यांच्या जाहिराती त्यांच्या मोबाइलवर येत असतातच.

कागदी सोपस्कार म्हणून याकडे काणाडोळा करता आला असता, पण प्रत्येक थिसिसमागे माणसं आहेत. कुणाच्या तरी दंडातून जास्तीचं रक्त घेतलेलं असतं, कुणाला एक्स-रेसाठी पुन्हा रांगेत उभं केलेलं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ सालची नीतितत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत: ज्या अभ्यासाची शास्त्रीय आखणीच कच्ची आहे तो मुळात अनैतिक, कारण त्यातून कुणालाच काही न मिळता रुग्णाला त्रास मात्र होतो. एथिक्स कमिटीत आम्ही संमतीपत्राचं मराठी सुधारतो, ‘सदर संशोधनामध्ये आपला सहभाग ऐच्छिक आहे’ हे वाक्य सोपं करायला सांगतो. पण साठ रुग्णांतून काहीच निष्पन्न होणार नाही, मग हा अभ्यास करायचा कशासाठी, हा प्रश्न तिथे विचारला तर त्या मुलाचं वर्ष बुडतं. म्हणून तो विचारला जात नाही. सक्तीचं खरं नुकसान इथे आहे. नकार देणं कुणालाच परवडत नाही.

आणि या सगळ्यातून बाहेर काय येतं? डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतल्या भारतीय वैद्यकीय संस्थांच्या प्रकाशित संशोधनाची मोजदाद केली. ५७९ संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही शोधनिबंध सापडला नाही. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५, आणि देशातलं जवळपास ४० टक्के संशोधन त्यांच्याकडूनच आलेलं. याच दहा वर्षांत देशात जागोजाग थिसिस लिहिले जात होते, सोनेरी अक्षरांत बाइंड होऊन कपाटात जात होते.

यावर आजवर जे उपाय झाले ते सगळे अटी वाढवण्याचे. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा झाला. तो अभ्यासक्रम चांगला आहे, मी स्वतः तो मुलांना मनापासून करायला सांगते. परिषदेत पोस्टर लावा, निबंध सादर करा, छापून आणा अशाही अटी वेळोवेळी आल्या. प्राध्यापकांच्या बढतीला छापील निबंध मोजून लागू लागले. परिणाम हा की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची चलती झाली. ज्याला वेळ नाही, पैसा नाही, मार्गदर्शक नाही, त्याच्यावर आणखी एक अट घातल्याने संशोधन वाढत नाही.

आता संशोधनाची खरी पदवी कशी असते ते पाहू. ब्रिटनमध्ये विशेषज्ञ होण्याचा रस्ता रॉयल कॉलेजांच्या परीक्षा आणि रुग्णालयातलं प्रशिक्षण यांतून जातो. तिथली एमडी ही संशोधनाची पदवी आहे आणि ती घेतली नाही म्हणून कुणाचं सर्जन होणं अडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ती पूर्णवेळ दोन वर्षांची, प्रबंधाची मर्यादा ६०,००० शब्द. पीएचडी तीन वर्षांची, मर्यादा १,००,००० शब्द. दोन्हींच्या शेवटी तोंडी परीक्षा, आणि तिथे बाहेरचा परीक्षक उमेदवाराला त्याच्याच प्रबंधातल्या एकेका निर्णयाचा जाब विचारतो: हाच गट का निवडला, हीच मोजमापाची पद्धत का, हे आकडे जुळत नाहीत त्याचं काय. प्रशिक्षण घेणारा डॉक्टर मधेच साधारण तीन वर्षांपर्यंत बाहेर पडून हे करू शकतो, आणि परत आला की प्रशिक्षणातली त्याची जागा राखलेली असते. २००५ साली मार्क वॉलपोर्ट यांच्या अहवालानंतर तिथे अकॅडेमिक क्लिनिकल फेलो ही वेगळी पदं निर्माण झाली. त्यांत कामाचा एक चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखलेला असतो, आणि तो वॉर्डात माणूस कमी पडला म्हणून काढून घ्यायचा नसतो. अमेरिकेत १९६४ पासून सरकारी पैशातून डॉक्टरी आणि पीएचडी एकत्र करण्याचा कार्यक्रम चालतो. सातआठ वर्षं लागतात, शिकण्याची फी आणि विद्यावेतन त्यात धरलेलं असतं.

जर्मनीचं उदाहरण मात्र आपण डोळ्यांत तेल घालून पाहावं, कारण आपली चूक तिथे मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. तिथे वैद्यकीय विद्यार्थी शिकत असतानाच प्रबंधाला सुरुवात करतो, आणि बरेच जण तो करतातच, कारण नावाआधी डॉक्टर लागायला हवं अशी लोकांची अपेक्षा. बऱ्याचदा तो काही महिन्यांचं काम असतो. याचा परिणाम असा की युरोपियन रिसर्च काउन्सिल अनुदान देताना नुसत्या वैद्यकीय डॉक्टरेटला पीएचडीच्या बरोबरीची धरत नाही. उमेदवाराला संशोधनाचा वेगळा पुरावा द्यावा लागतो. जर्मनीच्याच विज्ञान परिषदेने या प्रबंधांच्या दर्जावर वारंवार बोट ठेवलंय. जे सगळ्यांना करावं लागतं, ते सगळ्यांना जमेल एवढंच सोपं होत जातं.

आपल्याकडे पीएचडीची दारं डॉक्टरला बंद नाहीत. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ती देतं, एम्स देतं, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ती करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा, निदान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम, मार्गदर्शन समिती, बाहेरचे दोन परीक्षक आणि खुली तोंडी परीक्षा असा तिचा सांगाडा आहे. सांगाड्यात खोट नाही. पण एका मुलीचं वय मोजून पाहा. अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नीट-पीजीच्या, म्हणजे एमडीच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीत एखादं वर्ष जातंच. एमडीची तीन, सरकारी बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सेवेचं, एक. ती तिशीच्या उंबरठ्यावर आली. आता पीएचडी करायची तर कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. एमडी करताना निवासी डॉक्टर म्हणून तिला याहून बरंच जास्त मिळत होतं, आणि खाजगी रुग्णालयात तर आकडा कुठल्या कुठे. पीएचडी करून परत आली तर विभागात तिला वेगळं पद नाही, राखीव वेळ नाही; पुन्हा तीच ओपीडी आणि तोच ड्युटीचा तक्ता. घरचे विचारतात, यातून मिळणार काय? त्यांना देण्यासारखं उत्तर आपण तयारच केलेलं नाही.

इथे हमखास हरकत येते ती डॉ. हिंमतराव बावस्करांच्या नावाने. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचवाने माणसं, विशेषतः मुलं, मरताना पाहिली. रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या: घाम, थंड पडणारे हातपाय, चढणारा आणि मग कोसळणारा रक्तदाब, शेवटी फुफ्फुसात पाणी. १९८२ साली त्या नोंदी ‘लॅन्सेट’ या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आल्या. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशात वापरलं आणि कोकणात या दंशाने होणारे मृत्यू अगदी थोडे उरले. पीएचडी नसताना हे झालं, मग पदवीचा आग्रह कशाला, असं विचारलं जातं. मला बावस्करांबद्दल अतोनात आदर आहे, आणि म्हणूनच हा युक्तिवाद मला पटत नाही. पगाराची, प्रयोगशाळेची, रजेची कसलीही सोय नसताना एका माणसाने हे केलं. त्याच काळात इतर तालुक्यांतल्या किती डॉक्टरांनी असंच काहीतरी वेगळं पाहिलं असेल आणि पुढे काय करायचं हे न कळल्याने सोडून दिलं असेल? एखाद्या विलक्षण माणसाच्या जिद्दीवर राज्याचं आरोग्य संशोधन सोपवून आपण मोकळं होऊ शकत नाही. शिवाय त्यांच्याच कामात पुढचा टप्पा काय आला ते पाहावं. विंचवाची लस आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा बरं का, हे ठरवायला रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने पाडून रीतसर चाचणी करावी लागली. ती २०११ साली ‘बीएमजे’ या तशाच ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नजर वॉर्डात तयार होते. चाचणीची शिस्त मात्र शिकावी लागते.

गडचिरोलीचं उदाहरण हेच दाखवतं. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि मग गडचिरोलीत गेले. नवजात बाळांची काळजी गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन घेतली तर किती जीव वाचतात, हे त्यांनी ३९ गावांत करून आणि ४७ गावांशी ताडून पाहिलं. तिसऱ्या वर्षी नवजातमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे. तुलनेची ती ४७ गावं नसती तर या कामाकडे चांगली समाजसेवा म्हणून पाहिलं गेलं असतं, धोरण बदललं नसतं. हे शिकण्यासाठी त्यांना समुद्रापार जावं लागलं. चाळीस वर्षांनंतरही अकोल्याच्या किंवा अंबाजोगाईच्या एमडीला ते जवळपास मिळू नये, याचा मला राग येतो.

दुसरी हरकत अशी, की डॉक्टरच कमी असताना त्यांना संशोधनात कशाला अडकवायचं. पण मी मागतेय ते राज्यभरातून वर्षाला काही डझन डॉक्टर. बाकी हजारोंचे थिसिसमध्ये जाणारे तास तर सक्ती काढली की मोकळेच होतात. आणि आपले रोग आपल्याशिवाय कोण अभ्यासणार? माकडतापाचा विषाणू १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात सापडला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला. गेल्या दहा-बारा वर्षांत तो ताप गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गात काजूच्या बागांपर्यंत आलाय. त्यावरचं औषध शोधायला कुणी परदेशातून येणार नाही. नंदुरबार आणि गडचिरोलीतला सिकलसेल, शेतातला सर्पदंश, गुटख्याने होणारा तोंडाचा कर्करोग, सगळ्यांची गोष्ट तीच.

मग एमडीच्या बाकी विद्यार्थ्यांनी संशोधन अजिबात करू नये का? करावं, पण एकेकट्याने नाही. समजा राज्यातल्या दहा महाविद्यालयांतल्या मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांनी सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची एकाच फॉर्मवर नोंद केली: दंशाची वेळ, रुग्णालयात पोचायला लागलेला वेळ, लशीच्या किती बाटल्या लागल्या, डायलिसिस करावं लागलं का. तीन वर्षांत हजारो नोंदी जमतील आणि त्यांतून काहीतरी ठाम सांगता येईल. आज दहा ठिकाणी सर्पदंशावर दहा थिसिस होतात, प्रत्येकात साठ-सत्तर रुग्ण, आणि ते एकत्रही करता येत नाहीत, कारण कुणी ‘उशिरा आलेला रुग्ण’ म्हणजे दोन तासांनंतरचा धरतो, कुणी सहा. सामायिक अभ्यासात मुलगा नोंद काटेकोर कशी ठेवायची ते शिकेल, गळालेला रुग्ण गळाला असं लिहायला घाबरणार नाही, कारण त्याच्या परीक्षेचं त्यावर काही अडत नाही. त्याची परीक्षा घ्यायची ती वेगळ्या गोष्टीत: एक छापील शोधनिबंध हातात द्यावा आणि तो कुठे भक्कम आहे, कुठे पोकळ आहे, आपल्या रुग्णाला त्याचा उपयोग आहे का, हे तासाभरात लिहायला सांगावं. प्रॅक्टिसमध्ये त्याला जन्मभर हेच करायचंय. औषध कंपनीचा प्रतिनिधी गुळगुळीत कागदावरचा आलेख पुढे करील तेव्हा डॉक्टरला तो वाचता यायला हवा.

आणि त्या मोजक्यांच्या पदवीला दोन मार्गदर्शक असावेत, एक डॉक्टर, एक वैज्ञानिक. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जगावेगळा रक्तगट दिसला, तेव्हा १९५२ सालच्या त्या निबंधावर लंडनच्या शास्त्रज्ञांचीही नावं होती. रुग्ण इथला, रक्ताचं रसायन उलगडणारे तिथले. आज पुण्यात आयसर आहे, मुंबईत टीआयएफआर आहे, आयआयटी आहे, सगळ्या विज्ञानाच्या मोठ्या संस्था. वैद्यकीय महाविद्यालयं त्यांच्यापासून दोन बसथांब्यांवर असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. पगार सहायक प्राध्यापकाचा असावा. प्रवेश बहुपर्यायी परीक्षेने देऊ नये. उमेदवाराने स्वतःचा प्रश्न मांडून तो समितीपुढे लढवावा. नकारार्थी निष्कर्ष निघाला, औषधाचा उपयोग झाला नाही असं दिसलं, तरी पदवी मिळावी, काम चोख असेल तर. आणि पदवीनंतर किमान पाच वर्षं आठवड्याचे दोन दिवस राखीव असलेलं पद मिळावं, नाहीतर तो माणूस पुन्हा ड्युटीच्या तक्त्यात विरून जाईल.

याची सुरुवात करायला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही असा एक भाग राज्याच्या हातात आहे. एमडीनंतरचं बंधपत्राचं वर्ष राज्यच ठरवतं. या वर्षात जो डॉक्टर धारणीला, भामरागडला किंवा दोडामार्गला जाईल आणि तिथल्या एका रोगाचा प्रश्न घेऊन संशोधनासाठी नोंदणी करील, त्याचं ते वर्ष पदवीचं पहिलं वर्ष धरावं. रुग्णसेवा थांबणार नाही, रुग्णालयाला विशेषज्ञ मिळेल, आणि ज्याला प्रश्न शोधायचाय तो माणूस प्रश्न जिथे आहे तिथे वर्षभर राहिलेला असेल. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि वैद्यकीय शिक्षण विभागाने पहिल्या वर्षी अशा पंधरा-वीस जागा काढून पाहाव्यात. अर्ज कमी आले तर पगार आणि मार्गदर्शक यांत काय कमी पडतंय ते त्या डॉक्टरांनाच विचारावं.